ऋण कोणते, लाज कोणती?

ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले गेले. शिकवण उत्तम आहे. पण ती आपण पाळतो कोठे? सणासाठी, लग्नासाठी आपण ऋण खुशाल काढतो. काढीत नाही ते मुलीच्या विद्येसाठी.

सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडे कोसाड आहे. तेथील एका मराठी बिऱ्हाडात मुलीला अभियांत्रिकीची जागा मिळाली. बाप यंत्रमागावर कामाला. बँकेच्या शैक्षणिक कर्जाची गोष्ट निघताच देवळाच्या ओसरीवर एक वडीलधारे गृहस्थ उद्गारले, ‘‘आपल्या सात पिढ्यांत कोणी बँकेची पायरी चढले नाही. शिवाय पोर परघरी जाणार. हप्ते कोणी फेडायचे?’’ याच गृहस्थांनी थोरल्या मुलीच्या लग्नात घरचे दागिने गहाण टाकले होते आणि वर हातउसनेही घेतले होते. तेव्हा सात पिढ्या स्मरल्या नाहीत. हप्त्यांचे म्हणाल, तर शिकलेली मुलगी ते आपल्या वेतनातून फेडील. लग्नातला मांडव काही फेडीत नाही.

धर्माचाच आधार हवा असेल तर आपली शास्त्रे माणूस ऋणी जन्मतो असेच सांगतात. देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. यांतले ऋषिऋण विद्याध्ययनाने फेडायचे. मग विद्येपायी ऋणाचा स्पर्शही नको, हे सोवळे आले कोठून? वार लावून जेवणारा विद्यार्थी सात घरांचा ऋणी नव्हता काय? कोसाडहून त्याच लोहमार्गाने उत्तरेस गेले की वडोदरा लागते. तेथील सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ती परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर. तेही एक बंधनच होते.

याचा अर्थ डोळे मिटून सही करावी असा नव्हे. ‘कर्ज मिळतेच आहे, मग कोणतेही कॉलेज चालेल’ असे सांगणारे दलाल ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांहून अधिक घातक. हिशेब पाहा. चार वर्षे दरसाल एक लाख रुपये दहा टक्के सरळ व्याजाने घेतले आणि फेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू झाली, तर तोवर व्याजच एक लाख चाळीस हजार होते. पुढे दहा वर्षे दरमहा सुमारे ७,१०० रुपयांचा हप्ता. नाव नसलेल्या खासगी कॉलेजच्या पदवीवर एवढे वेतन सुटेल काय, हे आधी विचारावे. म्हणून पहिला प्रयत्न सरकारी जागेचा. मग २०१५ पासून चालू असलेल्या गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेसारख्या साहाय्याचा. उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज.

आणि ते कर्ज बँकेचेच. २००१ साली बँकांनी आखलेल्या आदर्श योजनेतच चार लाखांपर्यंत तारण मागू नये असे ठरले होते. सहकर्जदार म्हणून आईची किंवा बापाची सही लागते, एवढेच. सोनाराच्या पेढीवर दागिने ठेवणे आपल्याला अब्रूचे वाटते, कारण ते कोणाला दिसत नाही. पण ती पेढी मुलीला नोकरी लागेपर्यंत व्याजासाठी थांबत नाही. कोकणीत ज्याला आपण ‘रीण’ म्हणतो ते दोन्हीकडे सारखेच. फरक अटींत आहे, आणि अटी वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही.

आपल्या देवस्थानांच्या वार्षिक सभांत उत्सवाच्या खर्चावर तासन्‌तास वाद होतात. त्याच निधीतून गरजू विद्यार्थ्यांच्या पहिल्या काही वर्षांच्या व्याजाचा भार उचलावा, असा ठराव एखाद्या विश्वस्ताने मांडून तरी पाहावा. विरोध कोण करतो ते कळेल.

कोसाडच्या त्या घरी आता वाद उरलेला नाही. ओसरीवरची चर्चा संपण्यापूर्वीच आईने अर्ज भरून दिला होता. सहकर्जदार म्हणून सही तिचीच आहे, मराठीत.