आमदाराचं पत्र आणि आमचं फुफ्फुस

आपल्या चळवळीला पत्राचा रोग लागलाय. वस्तीत कुणाची किडनी गेली, कुणाचं काळीज बंद पडायला आलं की आपला कार्यकर्ता पहिला धावतो तो आमदाराच्या हापिसात. पत्र आणतो. मग मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, मग कुठल्या तरी देवस्थानच्या ट्रस्टचा अर्ज. त्याला डॉक्टरचं एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स. मदत मिळाली की फोटो. साहेब मध्ये, पेशंट व्हीलचेअरवर, खाली 'गोरगरिबांचे कैवारी'. हे फोटो मी बघतो आणि स्वतःलाच विचारतो, जोहार घालायचं आपल्या आज्या-पणज्यांनी सोडलं म्हणतो आपण, ते सुटलंय कुठं? वेशीवरचं काउंटरवर आलं, एवढंच.

लगेच कुणीतरी म्हणेल, योजना आहे ना! आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ साली तिला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव लागलं. वर्षाला कुटुंबामागं दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२३ च्या निर्णयानं ते पाच लाखांवर नेलं आणि पिवळं-केशरी-पांढरं कार्ड हा भेद कागदावर तरी पुसला. हृदयाची झडप, डायलिसिस, केमो... यानं माणसं वाचलीत. आपल्याच चाळीत चालती-फिरती आहेत. योजनेला नुसत्या शिव्या घालून क्रांतिकारक व्हायची हौस ज्यांना असेल त्यांनी ती खुशाल भागवावी. मला ती नाही.

माझा झगडा वेगळा आहे. ही योजना माझ्या शरीराकडं यादीतून बघते. त्या २०२३ च्या निर्णयात १३५६ उपचारांची यादी आहे. यादीतलं काहीतरी फुटलं, सडलं आणि तू खाटेवर पडलास, की तू तिला दिसतोस. त्याआधी दिसत नाहीस. आणि आपली माणसं काय एका दिवसात मरतात? देवनारच्या डंपिंगवर कचरा वेचणारी, गटारात उतरणारा कंत्राटी गडी, नाक्यावरचा बिगारी... हे हप्त्याहप्त्यानं मरतात. खोकला, पाठ, साखर, बीपी, पायाची न भरणारी जखम. ओपीडीचा केसपेपर, बाहेरून आणायला सांगितलेली गोळी, रक्ताची तपासणी, रांगेत बुडालेला दिवस. या हप्त्यांचा हिशेब योजनेच्या वहीत नाही. सरकारच्याच आकड्यांप्रमाणं २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर खर्च झालेल्या दर शंभर रुपयांतले ३९ रुपये लोकांनी थेट आपल्या खिशातून घातले. २०१३-१४ ला हाच आकडा ६४ होता, म्हणून सरकार पाठ थोपटून घेतंय. घेऊ दे. पण ज्याच्या खिशात रोजची मजुरी सोडून काही नाही, त्यानं त्या ३९ मधले आपले कुठून काढले, हे कुठल्या रकान्यात लिहिलंय?

टीबीचंच घ्या. गोळ्या सरकार फुकट देतं, चांगलं आहे. खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये, आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले. आता हिशेब करा. सहा महिन्यांचा कोर्स. पहिले दोन महिने माणूस उभा राहू शकत नाही. घरभाडं, पोरांची शाळा, गॅस... हजारात? दोन महिन्यांनी खोकला थांबतो आणि तो गोळ्या सोडून नाक्यावर जातो. मग डॉक्टर म्हणतात, हे लोक अडाणी, औषध पुरं घेत नाहीत. अडाणी कसला? त्यानं फुफ्फुस आणि चूल यांत चूल निवडली. आजारात मजुरी देणारा विमा त्याच्याकडं असता तर ही निवड त्याच्यावर आलीच नसती.

आणि असा विमा म्हणजे काही आकाशातली गोष्ट नव्हे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ साली, अडारकरांचा कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कामगार विम्याचा कायदा झाला. आपण त्याला ईएसआय म्हणतो. (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेलाय.) त्यातली गंमत बघा. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. हे २०१९ पासूनचे दर. त्या बदल्यात ओपीडी, औषध, ऑपरेशन, बाळंतपण, बायकापोरांसकट. आणि आजारी पडलास तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी. कुणाच्या दारात जायचं नाही, कुणाचा फोटो नाही. ईएसआयच्या दवाखान्यांची हालत मला माहीत आहे, त्याचं गुणगान करत नाही मी. पण त्यातला हक्क बघा. पैसे भरले, मालकाला भरायला लावले, आता दे. हा आवाज आणि आमदाराच्या पत्रातली 'विनंती की' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण धुणंभांडी करणारी बाई, नाका कामगार, फेरीवाला, पाठीवर पिशवी घेऊन गाडी पळवणारं पोरगं? ते बाहेर. म्हणजे ज्यांचं शरीर सगळ्यात जास्त झिजतं तेच बाहेर. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या. बरं झालं. मेलेल्याची किंमत वर गेली. जिवंत आहे तोवर त्याच्या खोकल्याचं काय?

मला राज्याचा विमा पाहिजे, पण असा: असंघटितातल्या प्रत्येकाला, कार्डाचा रंग न बघता, ओपीडी-औषधासकट आणि बुडालेल्या मजुरीसकट. हप्ता ज्याच्या त्याच्या कुवतीनं. ज्याला नाही झेपत त्याचा सरकारनं भरावा. पैसा कुठून, असं विचारणाऱ्यांनी याच महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा वाचावा. हमालाच्या मजुरीवर व्यापाऱ्याकडून लेव्ही वसूल करायला इथंच शिकले ना? बांधकामावर एक टक्का सेस आहेच. घरपोच डबे नि सामान पोचवणाऱ्या कंपन्यांच्या उलाढालीतून एक-दोन टक्के घ्यायची तरतूद त्या नव्या संहितेत आहे. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना बजेटचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्या म्हणून सांगितलं होतं, २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही फिरकला नाही. पैसा आहे. आपल्यासाठी नाही.

नुसता विमा देऊन भागायचं नाही, हेही सांगतो. विम्याचा पैसा खाजगी पंचतारांकितांकडं वाहत गेला आणि केईएम, सायनला जमिनीवर गादी टाकून पेशंट झोपला, तर तो विमा त्यांचा, आपला नाही. धर्मादाय म्हणून सवलती लाटणाऱ्या इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, तातडीच्या पेशंटकडून डिपॉझिट मागायचं नाही, ही मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना २००६ पासून आहे. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला मी रात्री दोन वाजता अशाच एका ठिकाणी नेलं. काउंटरवरचा पोऱ्या पहिलं वाक्य बोलला, "वीस हजार भरा." मी नियम सांगितला. तो म्हणाला, "उद्या सोशल वर्कर येतील." म्हातारीला उद्या नव्हता.

आता तुला, ज्याच्या खिशात कंपनीचं मेडिक्लेम कार्ड आहे त्याला. तू सुटलास असं तुला वाटतंय. नोकरी ज्या दिवशी जाते त्या दिवशी कार्डही जातं, हे एचआरला विचारून घे. बाजारातली पॉलिसी घेशील? सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला, मान्य. पण साठी ओलांडलेल्या, साखरवाल्या तुझ्या बापासाठी हप्ता विचारून बघ एकदा. बाप आयुष्यभर झाडू मारत आला, त्याचं शरीर कंपनीच्या हिशेबात आधीच बुडीत खातं आहे.

आम्ही आमच्या वस्तीत एक काम काढलंय. दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर वही घेऊन बसतो. घराघरातून विचारतो: या महिन्यात औषधाला किती गेले, किती खाडे पडले, कुणाकडून किती टक्क्यांनी काढले. आमदाराच्या पत्रासाठी आलेल्यालाही पत्र द्यायच्या आधी हे लिहायला लावतो. पत्र देतो, जीव जात असताना तत्त्व शिकवत नाही. पण वहीत नोंद झाल्याशिवाय नाही. सत्तरेक घरं झालीत. पुढच्या अधिवेशनात आझाद मैदानावर जाताना आम्हाला या वह्या न्यायच्या आहेत, एका वस्तीच्या नाही, निदान पन्नास वस्त्यांच्या. तुमच्याकडं ओटा असेल, वही घ्या.