उघाडी म्हणजे काय?

भाषाशिक्षणाच्या चर्चेत ‘संवाद’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. शिक्षकाने विचारावे आणि वर्गाने एका सुरात उत्तर द्यावे, यालाही संवाद म्हणण्याची प्रथा आहे. आमच्या मते, ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न परीक्षेचा; संवादाचा नव्हे.

पेण तालुक्यातील गडबचा परिसर घेऊ. हा खारेपाट. येथल्या आगरी घरांतील मूल ‘घोडा’ला ‘घोरा’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. घाटावरून आलेल्या शिक्षकाच्या कानाला ती चूक वाटते. वस्तुतः तो त्या बोलीचा नियम आहे. वाक्यागणिक अडवलेले मूल शुद्ध बोलू लागत नाही. ते बोलणेच सोडून देते.

त्याऐवजी शिक्षकाने विचारावे, “उघाडी म्हणजे काय?” मूल कदाचित ‘उघारी’ म्हणेल, म्हणू द्यावे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून ती मिटते, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते, हे सांगताना त्याला कारण, क्रम, अट यांची वाक्ये स्वतः जुळवावी लागतात. ती शिक्षकाने जशीच्या तशी फळ्यावर लिहावीत, शेजारी प्रमाण मराठीतील वाक्ये लिहावीत आणि फरक मुलांनाच शोधू द्यावा. व्याकरण तेथेच सुरू होते.

हा मार्ग नवा नाही. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी न्यूझीलंडमधील माओरी मुलांना त्यांनीच मागितलेल्या शब्दांपासून वाचायला शिकवले. मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन यांनी आधी फलटणच्या बोलण्यातील विविधतेचा अभ्यास केला. पुढे तेथेच मुलांच्या शिक्षणाचे काम उभारले. शिकवण्याआधी ऐकणे, हा तो क्रम.

प्रमाण मराठी यावीच लागेल, हा आक्षेप रास्त आहे. परीक्षा आणि नोकरी तिच्यातच आहे. ती नाकारणे म्हणजे खारेपाटातील मुलावर दुसरा अन्याय. परंतु दुसरी भाषा पहिलीच्या शेजारी बसवता येते. पहिलीला उठवून नव्हे.

साहित्याच्या अध्यापकांनी तर हे अधिक मनावर घ्यावे. बहिणाबाईंच्या बोलीवर आपण प्रबंध लिहितो, बोलीतील कादंबऱ्या अभ्यासक्रमात लावतो. तीच बोली पहिल्या बाकावरून ऐकू आली, की आपला हात लाल शाईच्या पेनाकडे का जातो?