शब्दविचार : नारळ दिला की वाढविला?

तारापूरचे अणुविद्युत् केंद्र १९६९ साली सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसरच्या बाजारात मराठीबरोबर गुजराती व हिंदी या भाषाही नित्य कानी पडू लागल्या. परभाषी शेजारी मराठी शब्द लवकर उचलतो. तो अडतो वाक्प्रचारापाशी. हल्ली आपली इंग्रजी शाळेतील नातवंडेही तेथेच अडतात, हे अधिक विचार करण्याजोगे होय.

नारळाचेच उदाहरण घ्या. कारखान्याच्या मुहूर्तास नारळ वाढवितात. त्याच कारखान्यात एखाद्यास नारळ दिला, तर त्याची नोकरी गेली असे समजावे. निवृत्त होणाऱ्या गृहस्थांस ‘शाल व नारळ दिला’ म्हटले की सन्मान. शाल गाळून ‘नारळ दिला’ म्हटले की अवहेलना! बरे, नारळाच्या जागी ‘श्रीफळ’ घातले, तर गेलेली नोकरी पुन्हा सन्मानात पालटते. वाक्प्रचारात पर्यायशब्द चालत नाही, तो असा.

मम्मटाचार्यांनी ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचे विवेचन करताना ‘कुशल’ हा शब्द घेतला आहे. कुशल म्हणजे मुळात दर्भ खुडून आणणारा. ते काम हलक्या हाताने व जपून करावे लागे. त्यावरून निपुण हा अर्थ रूढ झाला. आज तो शब्द उच्चारताना दर्भ कोणासही आठवत नाही. रूढीचे बळ असे असते. म्हणून वाक्प्रचाराचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेने लागत नाही.

काही प्रयोगांमागे अशुभ टाळण्याची भावना असते. बांगडी फुटली तरी ‘वाढविली’ म्हणावयाचे. घराबाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावयाचे. आजी ‘बांगडी वाढविली’ म्हणाली आणि नातीने ‘किती वाढविल्या?’ असे विचारले, तर दोघीही मराठीच बोलत असून एकमेकींस परक्या झाल्या.

अशा वेळी मुलांस किंवा शेजाऱ्यांस हसू नये. वाक्प्रचारांच्या याद्याही पाठ करवू नयेत. यादीत अर्थ मिळतो, प्रसंग मिळत नाही. पूजेत नारळ वाढविताना, दारात निरोप घेताना, तेथल्या तेथे तो प्रयोग मुद्दाम उच्चारावा, आणि ‘असे का म्हणतात?’ या प्रश्नास सवडीने उत्तर द्यावे.