थापी कुठं गेली?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेला आमच्याकडचा माणूस सात तारखेला दादरहून गाडी धरतो, नांदुऱ्याला उतरतो आणि तिथून पिंपळगाव राजा गाठतो. गेल्या खेपेला मी तसं केलं नाही. सात तारखेला गेटवेवरून मांडव्याची लाँच धरली आणि सासवण्याला गेलो. सोबतचे दोस्त म्हणाले, 'अबे, कायले जाऊन रायला तिकडे? बामनाचा बंगला पाह्याले?'

होय. बंगला पाहायलाच गेलो होतो. माझ्या मनात एक जुनं ठसठसत होतं. ते काय ते पुढं सांगतो.

सासवणे हे अलिबाग तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथं नानासाहेब करमरकरांचं घर आहे. विनायक पांडुरंग करमरकर, शिल्पकार. जन्म १८९१, मृत्यू १९६७. घर, बाग आणि त्यांनी केलेली शिल्पं, सगळं जागच्या जागी जपलेलं. आवारात म्हैस आहे, सिमेंटची. जवळ जाईपर्यंत वाटतं आता शेपटी हलवील. आत कोळ्याची पोर आहे, शंख फुंकणारा गडी आहे. त्याच्या बरगड्यांत दम भरलेला दिसतो. दगड आणि ब्राँझ ही शिल्पकारांची श्रीमंत सामग्री. या माणसानं सिमेंटला हात लावला आणि त्यातून जिवंत कातडी काढली. मी खोटं बोलणार नाही. मी तासभर गप्प उभा होतो. कष्टकऱ्याच्या अंगावरची नस ज्याला दिसली, त्या कलावंताला शिव्या द्यायला मी हा लेख लिहीत नाही. शिव्या दुसऱ्यालाच द्यायच्या आहेत. त्यात मीही आहे.

करमरकरांची एक गोष्ट सगळीकडं सांगतात. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी ते पाहिलं. पोराच्या हाताची जात ओळखली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालायची सोय केली. पुढं पोरगा कलकत्त्याला गेला, १९२० ला लंडनला गेला, मोठा झाला. गोष्ट गोड आहे. पण दोस्तहो, ही गोष्ट आपण आपल्या डोळ्यांनी वाचू. देवळाच्या भिंतीवर चित्र काढायला आधी देवळाच्या भिंतीपर्यंत पोचावं लागतं. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी दगडधोंडे खाल्ले, ते नुसत्या दारासाठी. भिंत तर लांबच. त्या काळात महारवाड्यातल्या पोरानं कोळसा उचलून देवळाच्या भिंतीवर रेघ ओढली असती, तर त्याच्या हाताची जात ओळखायला कलेक्टर लागला नसता. गावानंच ओळखली असती. आणि हात जागेवर ठेवला असता का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गुणाला वाव मिळाला असं म्हणतात. वाव म्हणजे काय? वाव म्हणजे भिंत. वाव म्हणजे ती भिंत पाहणारा साहेब. वाव म्हणजे मेल्यावरही उभं राहणारं घर आणि ते झाडूनपुसून ठेवणारी पुढची पिढी. आणि घर उभं राहायला खाली जमीन लागते. याच अलिबाग तालुक्यात चरी गावी १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी संप केला. सहा वर्षं जमीन पडीक ठेवली, उपाशी राहिले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करायचं बिल आणलं. करमरकरांच्या घराचा मी या संपाशी संबंध लावत नाही. मला एवढंच म्हणायचंय की ज्याच्या पायाखाली स्वतःचा तुकडा नाही, त्याचं घर 'स्मारक' होत नाही. ते पावसाळ्यात पडतं आणि बायको पत्रे विकून टाकते.

आता करमरकरांचं नाव ज्यानं देशभर केलं तो पुतळा घ्या. पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. राजर्षी शाहू महाराजांनी मनावर घेतलं, १९२१ साली कोनशिला बसली, माझगावच्या कारखान्यात पुतळा ओतला गेला आणि १९२८ साली उभा राहिला. तो आजही उभा आहे. पण त्याच पुण्यात १९२५ साली केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत ठराव मांडला की महात्मा फुल्यांचा पुतळा उभारा. तो ठराव पुण्याच्या भटी पुढाऱ्यांना सोसला नाही. फुल्यांची टिंगल झाली. त्यावर दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' लिहिलं. जवळकर-जेध्यांवर खटला झाला, शिक्षा झाली. अपिलात त्यांच्या बाजूनं उभा राहून ती शिक्षा उडवणारा वकील कोण? डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. साल १९२६. पुढच्याच वर्षी महाडचं तळं. म्हणजे पुतळा ही नुसती शोभेची वस्तू कधीच नव्हती. कुणाचा उभा राहायचा आणि कुणाचा नाही, हे भांडण शंभर वर्षांचं आहे आणि बाबासाहेब त्यात पहिल्यापासून आहेत.

ते भांडण आपण लढलो. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागलांनी फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा उभा केला, बाबासाहेब हयात असताना. पुढं वाड्या-वस्त्यांत पुतळे उभे राहिले. निळा कोट, हातात घटना, एक बोट पुढं. या पुतळ्यांसाठी आपण मार खाल्ला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. पुतळ्यासाठी मरायला आपण तयार. ठीक. मग मला सांगा, तुमच्या वस्तीतला पुतळा कुणी केला?

आता माझं ठसठसणं सांगतो.

पिंपळगावात आमच्या वस्तीत एक मिस्त्री होता. गवंडीकाम करायचा, गिलावा ओढायचा. शाळा दोन-तीन इयत्ता. त्यानं बाबासाहेबांना पाहिलेलं नव्हतं. पाहिला होता तो कॅलेंडरवरचा फोटो. त्याच्या मनानं घेतलं, आपल्या वस्तीत बाबासाहेब पाहिजेत. लोकांच्या घरकामातून उरलेले गज गोळा केले, जाळी बांधली आणि सिमेंट चढवलं. नाक तीनदा केलं, तीनदा फोडलं. चष्मा होईना. सिमेंटचा चष्मा जाड होतो, डोळे झाकतो. शेवटी सायकलच्या चाकाची तार वाकवून चष्मा बसवला. आम्ही पोरं भोवती बसलेलो. मी विचारलं, 'मामा, तुमी हे शिकले कुठी?' तो म्हणाला, 'शिकतो कायचा बे? हात सांगते तसं करतो.'

छातीपर्यंतचा पुतळा झाला. चेहरा थोडा आमच्या वस्तीतल्या माणसासारखाच दिसायचा. काही हसले. पण चौदा एप्रिलला म्हाताऱ्या बायांनी त्याच्यापुढं मेणबत्ती लावली तेव्हा कुणी हसलं नाही.

पुढं समिती झाली. वर्गणी झाली. शहरातून फायबरचा नवा पुतळा आला, गुळगुळीत, कंपनीतून निघाल्यासारखा. जुना विहाराच्या मागं गेला. चौथऱ्यावर संगमरवरी फलक बसला. कुणाच्या शुभहस्ते, प्रमुख पाहुणे कोण, देणगीदार कोण, अध्यक्ष, सचिव, सदस्य. मोजून सतरा नावं. त्यात मिस्त्रीचं नाव नव्हतं. आणि दोस्तहो, त्या फलकाचा मजकूर लिहिणारा मीच होतो. बी.ए. झालेला होतो ना! अक्षर चांगलं होतं. सतरा नावं शुद्ध मराठीत लिहिली आणि ज्याच्या हातानं वस्तीत पहिल्यांदा बाबासाहेब आले, तो विसरलो. त्यानं कधी तक्रार केली नाही. फलकापुढं उभा राहून वाचत होता. त्याला वाचायला वेळ लागायचा. वाचून झालं तसा घरी गेला.

तो मेला. त्याचं पत्र्याचं घर गेलं. रंधा, ओळंबा, पाट्या भंगारात गेल्या. मी विचारायला गेलो, 'वयनी, मामाची थापी कुठी हाय?' ती म्हणाली, 'कायले पाह्यजे होती, बापू? तवा काहून नाही इचारलं?'

सासवण्यात त्या म्हशीसमोर मी उभा होतो तेव्हा माझ्या डोळ्यापुढं ही म्हातारी होती. सिमेंट तेच आणि गजही तेच. एकाच्या सिमेंटला छप्पर मिळालं. दुसऱ्याचं विहारामागं पावसात आहे.

कुणी म्हणेल, करमरकर थोर शिल्पकार, तुझा मिस्त्री अडाणी गवंडी. बरोबरी कशी करतोस? मी बरोबरी करतच नाही. करमरकरांना जे. जे. मिळालं, लंडन मिळालं. मिस्त्रीला काय मिळालं? आधी दोघांना सारखी भिंत द्या, मग नाक मापा. आणि शिकलेल्यांचा तोरा मला सांगू नका. २०२३ च्या ४ डिसेंबरला मालवणात राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा उभा केला. परवानग्या, साहेब, पंतप्रधानांचे हात, सगळं होतं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. आमच्या मिस्त्रीचा चष्मा अजून जागेवर आहे.

दुसरा कुणी म्हणेल, बाबासाहेबांना विभूतिपूजा मान्य नव्हती, १९४३ च्या रानड्यांवरच्या भाषणात आणि नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं होतं, मग हे पुतळ्याचं काय काढलंस? बरोबर आहे. म्हणून तर म्हणतो, पुतळ्याची पूजा कमी करा आणि हाताची नोंद करा. मी मिस्त्रीला हार घाला म्हणत नाही. त्याचं नाव लिहा म्हणतो. पूजा वेगळी, हिशोब वेगळा. आणि बाबासाहेबांनीच १९३६ साली आपल्याला दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. काम घ्यायचं आणि करणाऱ्याला पुसायचं, हा तिचा जुना धंदा. आमच्याच जिल्ह्यात लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे. कोरीव कामावर बोट फिरवावं असं. ज्यांनी ते कोरलं त्यांच्या पोरांना आत येऊ दिलं असेल का, हा प्रश्न गाइड सांगत नाही. हाच धंदा आता आपण आपल्या चौथऱ्यावर करायला लागलो, तर बामणाला कोणत्या तोंडानं शिव्या द्यायच्या?

आपला वारसा तसा नाही. आपला वारसा बुद्धाचा आहे. सांचीच्या स्तुपाच्या दक्षिण तोरणावर लेख कोरलेला आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचं नाव आहे. आणि सासवणे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यात लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी पाथरवटाचं आणि सुताराचं नाव दगडात राहू दिलं. आणि आपण? संसदेच्या आवारातला १९६७ चा बाबासाहेबांचा पुतळा बी. व्ही. वाघ यांनी केला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? इंदू मिलच्या जागेवर साडेतीनशे फुटांचा पुतळा ठरला, तर आपण फूट मोजत बसलो. आमच्या नांदुऱ्यात हायवेवर एकशेपाच फुटांचा हनुमान आहे. फुटांचीच शर्यत लावायची तर ती आपली शर्यत नव्हे. ती त्यांची.

तेव्हा दोस्तहो, भाषणं पुरे. काम सांगतो.

येत्या चौदा एप्रिलच्या आत आपापल्या वस्तीतल्या पुतळ्याजवळ जा. तो कुणी केला, विचारा. म्हातारे आहेत तोवर विचारा. गवंडी असो, मूर्तिकार असो, मातंग असो, वडार असो, मुसलमान असो, नाव लिहून घ्या. कशाचा केला, पैसे मिळाले की नाही, तेही लिहा. फलकावर जागा नसेल तर पुढाऱ्यांची दोन नावं कमी करा, आभाळ कोसळत नाही. त्याचा साचा, थापी, रंधा सापडला तर विहारात कपाटात ठेवा. आता नवा पुतळा बसवायचा तर मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे बिनशिक्या हाताला यापुढं दार बंद. मग ज्या पोराच्या, ज्या पोरीच्या बोटात माती बोलते, त्यांना वर्गणी काढून कला महाविद्यालयात पाठवा. डीजेच्या एका रात्रीत एका पोराची वर्षाची फी निघते.

आणि सासवण्याला जा. चिडून जाऊ नका, पाहायला जा. घर कसं जपतात ते शिकून या.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. विहारामागचा पुतळा आम्ही चौघांनी उचलून आत आणला. फलकावर अठरावं नाव कोरायला पाथरवटाला सांगितलं आहे. समितीतले दोघं रागावलेत. रागवू द्या.

जयभीम.