घरचे आरोग्य : लस कोणती चांगली होती?

'आम्हाला कोविशिल्ड टोचली, जावेला कोव्हॅक्सिन. मग जास्त ताकदीची कुणाची?' कोरोना ओसरून वर्षे झाली, तरी घोडेगावच्या आयाबहिणी आम्हाला हे विचारतातच. आज तेवढेच घेऊ.

दोन्ही लशींचे नाते आपल्या पुण्याशी आहे. कोविशिल्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची. पण तिच्यासाठी विषाणू वेगळा काढून दिला तो पुण्यात डॉ. आंबेडकर रोडवर असलेल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. दोघींना परवानगी एकाच दिवशी मिळाली, ३ जानेवारी २०२१ ला.

कोव्हॅक्सिनच्या चाचणीत निम्म्यांना लस आणि निम्म्यांना बिनलशीची सुई दिली. लसवाल्यांत २४ जण आजारी पडले, दुसऱ्यांत १०६. त्यावरून ७७.८ टक्के संरक्षण हा आकडा आला. लस घेतलेल्या १०० जणांतले २२ आजारी पडणारच, असा त्याचा अर्थ नव्हे. (शिकलेली माणसेही तसाच काढतात!) गंभीर आजारी लसवाल्यांत १, दुसऱ्यांत १५.

कोविशिल्ड मुळात ऑक्सफर्डची. तिचे दोन डोस सहा आठवड्यांच्या आत घेतलेल्यांना ५५ टक्के संरक्षण दिसले, बारा आठवडे थांबलेल्यांना ८१. मे २०२१ मध्ये सरकारने अंतर बारा ते सोळा आठवडे केले, तेव्हा 'लस संपली म्हणून पुढे ढकलतात' अशी कुरकुर झाली. तुटवडा होताच, पण थांबण्यात फायदाही होता.

अमेरिकेच्या फायझरचा आकडा ९५. मात्र ती चाचणी २०२० ची, डेल्टा पसरण्याआधीची. कोव्हॅक्सिनची डेल्टाच्या काळातही चालू होती. एक पोरगं सोप्या पेपरला बसलं, दुसरं अवघड. नुसते मार्क बघून हुशारी कशी ठरवायची? शिवाय फायझर उणे ७० अंशांत ठेवावी लागे. आपल्या दोन्ही २ ते ८ अंशांवर टिकत, बर्फाच्या डब्यातून डिंभे-आहुप्याकडे नेता येत.

२०२४ साली कोविशिल्डने रक्तात गुठळ्या होतात, अशी बातमी आली आणि घबराट उडाली. अगदी क्वचित तसे होऊ शकते, हे ऑक्सफर्डच्या जोडीदार कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात मान्य केले, हे खरे. पण डॉक्टरांना ते २०२१ मध्येच कळले होते, आणि तो त्रास लशीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. तेव्हाच्या सुईवर खापर फोडून आजचे छातीचे दुखणे अंगावर काढू नका. ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. घरधन्यालाही सोबत न्या, तो आपणहून जायचा नाही.