नोंद पुसू नये

तंजावरच्या भोसले घराण्यातील अमरसिंहांनी १७९८ मध्ये गादी गेल्यावर कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूर येथे वास्तव्य केले. त्यांच्या जागी आलेल्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महालात औषधांची पारख चालविली. तेथील नेत्ररोग्यांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

आज एकाच औषधाची परीक्षा अनेक गावांतील रुग्णालयांत एकदम चालते व माहिती संगणकजालावरून एका ठायी जमते. वयाच्या रकान्यात चुकून चारशे पडले, तर यंत्र तत्काळ हटकते. आकडा दुरुस्त केला, तरी जुना पुसला जात नाही. तो कोणी, केव्हा व का बदलला, हेही शेजारी राहते.

गुण आलेले रोगी मिरवावेत आणि न आलेले दडवावेत, हा मोह जुनाच आहे. म्हणूनच २००७ साली भारतात अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. २००९ पासून नोंद सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रोगी घेण्यापूर्वीच ती करावी लागते.

घरातील कोणास चाचणीत बोलाविले, तर प्रथम नोंदणी क्रमांक विचारावा. ज्याला गुण आला नाही त्याचीही खरी नोंद राहिली, तर पुढील रोग्यावर त्याचे उपकारच होत.