सही करण्याआधी कार्बनचा हिशेब मागा!

पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या सोसायट्यांच्या सर्व सभासदांनो,

मुंबई, ठाणे, पुण्यात गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. सभांमध्ये वाढीव कार्पेट, कॉर्पस आणि भाड्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते. व्हायलाच हवी, तुमची आयुष्यभराची पुंजी त्यात आहे. पण आणखी एक आकडा त्याच टेबलावर आला पाहिजे: ही इमारत बांधताना हवेत किती कार्बन जाणार?

वापरातल्या विजेचा कार्बन उद्या सोलर बसवूनही कमी करता येईल. बांधकामाचा कार्बन मात्र तुमची वास्तुशांत होण्याआधीच हवेत गेलेला असतो. एकदा स्लॅब पडला की संधी गेली.

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंशांच्या भट्टीत भाजतात आणि त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटचं निम्म्याहून अधिक उत्सर्जन असं दगडातलं असतं. इंधन बदलूनही ते थांबत नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या (ओपीसी) ५० किलोच्या एका गोणीमागे ४० किलोंहून अधिक वायू हवेत जातो.

परवा एका साइटवर तयार काँक्रीटच्या (आरएमसी) गाडीचं चलन हातात घेतलं. एम-३० प्रतीचं काँक्रीट, घनमीटरला ओपीसी ३५० किलो, फ्लाय ॲश शून्य. काँक्रीट पायाचं होतं. पायावर पूर्ण भार यायला कित्येक महिने लागतात, तिथे झटपट ताकदीची गरजच नव्हती. त्यातलं ३० टक्के सिमेंट काढून औष्णिक वीज केंद्रातली फ्लाय ॲश घातली असती, तर सहा घनमीटरच्या त्या एका गाडीमागे जवळपास अर्धा टन कार्बन वाचला असता. वीस गाड्यांमागे दहा टन! कोणी विचारलं नाही, म्हणून कोणी केलं नाही.

म्हणून कळकळीची विनंती, एवढं कराच:

१. आधी प्रामाणिक स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. इमारत धोकादायक असेल तर क्षणभरही थांबू नका. दुरुस्तीने, जॅकेटिंगने ती भक्कम होणार असेल तर पाडू नका.

२. सहकारी संस्था कायद्याच्या कलम '७९ अ'च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नेमलेल्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराकडून (पीएमसी) प्रकल्प अहवालातच सिमेंट, सळई, विटा-ब्लॉक आणि काचेचा हिशेब मागा. दर चौरस मीटरमागे किती कार्बन, हे लेखी घ्या.

३. पाया आणि राफ्टसाठी फ्लाय ॲश किंवा स्लॅगचं काँक्रीट, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या संमतीने, टेंडरच्या अटींतच घाला. असं काँक्रीट सावकाश ताकद धरतं. त्यासाठी क्युरिंगला आणि सेंट्रिंग काढायला हवे तेवढे दिवस द्या.

४. नियमाने लागतं त्याहून एकही पार्किंग पोडियम किंवा बेसमेंट जास्त मागू नका. तिथे काँक्रीट आणि सळई भरपूर जिरते.

५. काम सुरू झाल्यावर कमिटीतल्या एकाने प्रत्येक गाडीचं चलन तपासून फाइलला लावावं.

करारावर सह्या झाल्या की अटी बदलणं कठीण होतं. आजच सेक्रेटरींना पत्र द्या आणि येत्या विशेष सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर हा विषय घ्यायला लावा. बिल्डर मोजेल, पण तुम्ही मागितलं तरच.

आपला,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर